सायकलीचा शॉकअप आणि स्वाराचे वजन



सकाळी दहाच्या सुमारास आमच्या शाळेच्या फाटकाशी उभे राहिले म्हणजे पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या सायकली पाहावयास मिळतात. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ, बालाघाटाच्या माळावर आमची शाळा आहे. आसपासच्या वाड्यांवरून, तांड्यांवरून पोरे येतात. कुणी तीन किलोमीटर, कुणी पाच. मुलींच्या सायकली बहुतेक साध्या, पुढे जाळीची टोपली असलेल्या. मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकलीसाठी मदत मिळते, तीतून पुष्कळशा घेतलेल्या. मुलांचा ओढा मात्र हल्ली जाड टायरच्या, गिअरच्या सायकलींकडे. त्यांच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा असतात, आणि त्यांना आपल्याकडे सगळे जण शॉकअप म्हणतात. मीही तोच शब्द वापरणार आहे.

गेल्या साली पावसाळा सरता सरता नववीतला एक मुलगा हात गळ्यात अडकवून वर्गात आला. मनगटाचे हाड मोडले होते. सोयाबीनच्या दिवसांत ट्रॅक्टरनी पांदणीतल्या चिखलात खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. चार दिवस ऊन पडले आणि त्यांच्या कडा विटेसारख्या कडक झाल्या. त्या कडेवर पुढचे चाक चढले, उडाले, आणि पोरगा हँडलावरून पुढे गेला. त्याची सायकल साऱ्या शाळेत नवी आणि महागाची. दुसऱ्या दिवशी वडील आले, ते चिडूनच. म्हणाले, "गुरुजी, पैसे घालून शॉकअपवाली घेतली. मग पोरगं पडलंच कसं? कामून घ्यायची मग असली सायकल?"

प्रश्न रास्त होता. मी सायकल उभी केली, पुढचा ब्रेक धरला आणि हँडलावर सगळा भार देऊन दाबले. शॉकअप जागचा हालला नाही. पुढच्या टायरला अंगठा लावला, तर तो दगड. विकत घेताना जोडणाऱ्याने जे जे आवळता येईल ते ते आवळून दिले होते आणि टायरमध्ये मावेल तितकी हवा भरली होती. त्यात त्याचा काही वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. ताठ सायकल म्हणजे मजबूत सायकल, अशी आपल्याकडे समजूतच आहे. पण त्या पोराच्या दृष्टीने पाहाल तर त्याने शॉकअपचे पैसे दिले आणि बिनशॉकअपची, शिवाय जड, अशी सायकल चालवली.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. शॉकअप हा अंगाला सुख लागावे म्हणून असतो असे आपण धरून चालतो. सुख लागते हे खरे, पण ते दुय्यम. त्याचे मुख्य काम चाक जमिनीला धरून ठेवण्याचे आहे. चाक जमिनीवर टेकलेले असेल तरच हँडल वळवल्याचा उपयोग, तरच ब्रेक दाबल्याचा उपयोग. चाक हवेत असेल तर तुम्ही हँडल कुठेही वळवा, सायकल जायची तिकडेच जाणार. उंचवट्यावर चाक वर सरकावे आणि स्वार जागच्या जागी राहावा, खड्डा आला की चाक खाली उतरावे आणि स्वार तरीही जागच्या जागी, हे ज्याला साधले तो शॉकअप. आपल्या बैलगाडीला कमान नसते. धोंड्यावर चाक चढले की सगळी गाडी चढते. टांग्याला कमानी असतात, एस.टी.ला पाटे असतात, म्हणून त्या वेगाने जाऊ शकतात. सायकलही बैलगाडीच्या चालीने चालवली तर शॉकअपची गरज नाही. पण शाळेची घंटा व्हायची वेळ झाली असता बैलगाडीच्या चालीने कोण जातो?

सायकलीची पहिली स्प्रिंग म्हणजे टायरमधली हवा. १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकीला भरीव रबराच्या धावांनी दणके बसत, म्हणून त्याने आदल्या साली हवा भरलेली रबरी नळी चाकाला गुंडाळून पाहिली होती. आज ज्या सायकलीला शॉकअप नाही, म्हणजे आमच्या मुलींच्या सायकलीला, तिचा सारा शॉकअप तो एवढाच. तेव्हा आधी हवेचे पाहू. स्प्रिंगेचे नंतर.

टायरच्या अंगावर उठावाच्या अक्षरांत आकडे असतात. शेवटी पीएसआय अशी अक्षरे दिसतात. म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड दाब. जाड टायरच्या सायकलीवर बहुधा कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४० आणि ६५. हे दोन आकडे मौजेखातर छापलेले नाहीत. ८० किलोच्या माणसाला वरच्या आकड्याच्या जवळपास जावे लागेल. ४० किलोच्या मुलाला खालचा आकडा पुष्कळ झाला. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून मागे चार-पाच पौंड अधिक ठेवावे. खालच्या आकड्याच्याही खाली मात्र जाऊ नये. तसे केले तर दगडावर टायर दबून ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात, सापाच्या दातांसारखी. पंक्चर काढताना अशी जोडभोके दिसली की समजावे, काटा नव्हे, हवा कमी होती.

अंगठ्याने हवा तपासणे हा आपला पिढीजात मार्ग. पण ४० पौंड आणि ६० पौंड यांतला फरक अंगठ्याला फारसा कळत नाही. गिअरच्या बहुतेक सायकलींना मोटारसायकलीसारख्या तोंडाचा वॉल असतो, म्हणजे कुठल्याही टायरवाल्याच्या गेजने दाब पाहता येतो. तिथल्या यंत्राने हवा भरताना मात्र थोडी थोडी भरा. सायकलीच्या ट्यूबमध्ये जागा थोडी, डोळ्याची पापणी लवते तोवर ती फुटते. जुन्या पद्धतीचा, आत रबराची बारीक नळी असलेला वॉल गेजला नीट दाद देत नाही. तिथे हिशेब पंपाच्या हाताचा: आपल्या पंपाने किती हात मारले की सायकल नीट चालते ते एकदा मोजून लिहून ठेवा.

आणि उन्हाळा विसरू नका. शिक्षक मित्रांना वर्गात करायला चांगले उदाहरण आहे. सकाळी २५ अंश तापमानाला टायरमध्ये ५० पौंड हवा भरली. दुपारी सायकल उन्हात उभी राहिली आणि आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली. गेजच्या आकड्यात वातावरणाच्या दाबाचे १४.७ पौंड मिळवा, तापमानात २७३ मिळवा, आणि त्रैराशिक मांडा. उत्तर साडेसत्तावन्न पौंडांच्या आसपास येते. जो टायर सकाळीच पोटभर भरला होता, तो एप्रिलच्या दुपारी निंबाच्या झाडाखाली आपोआप का फुटतो, त्याचे कारण हे.

आता स्प्रिंग. रॉबर्ट हुक नावाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ होता. त्याने स्प्रिंगेचा नियम १६७८ साली उघड केला, म्हणजे शिवराज्याभिषेकाला चार वर्षे झाली तेव्हा. गंमत अशी की दोन वर्षे आधी त्याने हाच नियम लॅटिन वाक्यातली अक्षरे विस्कटून छापला होता. दुसऱ्या कुणी चोरू नये आणि आधी आपल्याला सापडला हे सिद्ध करता यावे म्हणून. नियम साधा आहे. जितका भार, तितकी दब. दुप्पट भार, दुप्पट दब.

हा नियम त्या पोराच्या सायकलीला लावू. समजा, त्याच्या शॉकअपची स्प्रिंग दर किलोला एक मिलिमीटर दबते, आणि शॉकअप अथपासून इतिपर्यंत ६० मिलिमीटर सरकू शकतो. मुलगा ३६ किलोचा, दप्तर ४ किलोचे, एकूण ४०. बसल्या जागी साधारण दोन पंचमांश भार पुढच्या चाकावर येतो असे धरा. म्हणजे १६ किलो. स्प्रिंग मोकळी असेल तर नुसते बसल्याने शॉकअप १६ मिलिमीटर खाली जाईल. या बसण्याला आपण बसका म्हणू. तो हवाच. बसका नसेल तर खड्ड्यात चाक खाली उतरायला जागाच उरत नाही. फक्त वर सरकता येते. माझ्या मते शाळेच्या वाटेसाठी बसका एकूण सरकण्याच्या पाचव्या हिश्श्यापासून चौथ्या हिश्श्यापर्यंत असावा. ६० मिलिमीटरला १२ ते १५.

शॉकअपच्या माथ्यावर एक बटण असते, त्यावर अधिक आणि उणे अशा खुणा असतात. ते अधिककडे फिरवले की आतली स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. ते १० मिलिमीटर दाबून ठेवले असे समजा. मग पहिले १० किलो त्या दाबाला भरून काढण्यातच जातात, आणि आमच्या पोराच्या वाट्याला बसका उरतो फक्त ६ मिलिमीटर. त्यात नळ्यांत घाण आणि गंज असला की तेवढाही नाही. बटण २ ते ४ मिलिमीटरच आवळले असते तर काम बरोबर झाले असते.

आता हाच हिशेब त्याच्या ८० किलोच्या वडिलांना लावा. पुढे भार येतो ३२ किलो. बटण पूर्ण आवळले तरी बसका २२ मिलिमीटर, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त. वर हँडलाला दुधाचे कॅन अडकवले की बाप्पा खड्ड्यात गेला आणि ठक्कन तळाला लागला! यावरून ध्यानात येईल की बटणाने स्प्रिंग कडक होत नाही. ते फक्त तिची सुरुवात पुढेमागे करते. जड माणसाला जाड तारेची स्प्रिंग घालावी लागते, आणि अगदी हलक्या मुलाला बारीक तारेची. बटण उणेकडे शेवटपर्यंत नेऊनही शॉकअप दबत नसेल, नळ्या स्वच्छ असूनही, तर ती स्प्रिंग त्या मुलाच्या वजनाची नाही. साध्या सायकलींना दुसरी स्प्रिंग सहसा मिळत नाही. म्हणून विकत घेतानाच मुलाला बसवून बघावे. रंग नंतर निवडावा.

बसका मोजायला काही उपकरण नको. शॉकअपच्या आतल्या चकचकीत नळीला, रबरी कडीला टेकवून, एक दोरा घट्ट बांधा. मुलाने दप्तरासकट, रोजच्या कपड्यांत सायकलीवर बसावे. दुसऱ्याने मागून सायकल धरावी. हात हँडलावर, पाय पायडलवर, उड्या न मारता. मग अलगद उतरावे. दोरा नळीवर वरच्या बाजूला सरकलेला असतो, किंवा खरे तर नळी आत जाऊन वर आलेली असते. रबरी कडीपासून दोऱ्यापर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजा. झाले. दोरा तसाच ठेवून मुलाला दोन दिवस शाळेत येऊ द्या, आणि मग पुन्हा पाहा. दोरा नळीच्या पार टोकाला गेला असेल तर शॉकअप कुठेतरी तळाला लागला. निम्म्याच्याही पुढे गेला नसेल तर तो अजून कडक आहे.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, आमच्या सायकलीचे बटण उणेकडेच आहे, तरी शॉकअप दबंना की! त्याची दोन कारणे मी वारंवार पाहिली. एक, दुसऱ्या नळीच्या माथ्यावर आणखी एक बटण असते, त्यावर कुलपाचे चित्र असते. ते फिरवले की शॉकअप बंद होतो. डांबरी रस्त्यावर चढ चढताना पायाचा जोर वाया जाऊ नये म्हणून ती सोय आहे. आमच्या शाळेतल्या तीन मुलांच्या सायकली वर्षभर कुलूप लावून चालत होत्या. त्यांना वाटे, ते बटण गिअरचे आहे! दुसरे कारण आपली काळी माती. ओली असताना ती चाकाला गोळ्यागोळ्याने चिकटते, वाळली की तिची पिठासारखी धूळ होते, आणि ती रबरी कडीतून आत जाऊन ग्रीसशी कालवली जाते. मग नळ्या एकमेकींत सरकत नाहीत, घासतात. शाळेतून आल्यावर कोरड्या फडक्याने चकचकीत नळी पुसणे, एवढे काम रोज केले तरी पुरे. घासलेट, डिझेल किंवा चेनचे तेल त्या कडीवर ओतू नका. रबर फुगते आणि धूळ जास्त धरते. गाड्या धुण्याच्या केंद्रावरचा जोराचा फवाराही तिथे मारू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, जाणत्या कारागिराकडून शॉकअप उघडून ग्रीस बदलून घ्यावे.

ग्रीसवरून आठवले. या जातीच्या सायकली जिथे जन्मल्या, तिथे ग्रीसवरून एका शर्यतीचे नावच पडले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळ टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन आसपासच्या डोंगरांवरून खाली सुटत. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या आतच असत, पायडल उलटे दाबले की लागणारे. एका उतारात ते इतके तापत की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली पोहोचल्यावर चाक खोलून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून १९७६ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीचे नाव पडले रिपॅक, म्हणजे पुन्हा भरणे. पुढे १९८९ साली रॉकशॉक्स या कंपनीचा मोटारसायकलीच्या धर्तीवरचा शॉकअप बाजारात आला. १९९६ साली अटलांटा येथे या जातीच्या सायकलींची शर्यत ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. आपल्या महाराष्ट्रातही संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी या प्रकारात राष्ट्रीय पातळीवर विजेतेपद मिळवले आहे. आमच्या मुलींना हे सांगितले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "त्यांच्या सायकलीला कॅरिअर होतं का?"

महागाच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगेच्या जोडीला तेल असते. आपोआप बंद होणाऱ्या दाराला वर एक पंप लावलेला असतो, दार धाडकन न आपटता हळू मिटते. तसेच ते तेल स्प्रिंगेला झटक्याने उसळू देत नाही. नळीच्या तळाशी असलेल्या बटणाने, बहुधा लाल रंगाच्या, हा परतीचा वेग ठरवता येतो. पायरीएवढ्या उंचीवरून बसल्या बसल्या सायकल खाली उतरवा. शॉकअप दबून एकदाच वर यावा आणि थांबावा. दोन-तीनदा उसळला तर परत फार जलद आहे. वर यायलाच वेळ लावत असेल तर फार मंद, आणि मग लागोपाठच्या खडीवर तो दबलेलाच राहतो. काही शॉकअपमध्ये स्प्रिंगेऐवजी हवाच असते. त्यांना वेगळा हातपंप लागतो, पेट्रोल पंपावर न्यायचे नाही. साध्या सायकलीत यातले बहुधा काहीच नसते, नुसती स्प्रिंग असते, म्हणून ती उसळते. तिला उपाय एकच, वेग बेताचा ठेवणे.

मागेही स्प्रिंग असलेली सायकल घ्यावी का, असे पालक विचारतात. शाळेच्या कामाला घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्तातली असली सायकल जड असते, पायडल मारताना खालीवर डुलते, आणि तिच्यावर कॅरिअर नीट बसत नाही. मग दप्तर कुठे, डबा कुठे आणि धाकट्या बहिणीला बसवायचे कुठे? हे बघायला दुकानात कुणी सांगत नाही.

एक धोक्याची गोष्ट तेवढी सांगून ठेवतो. नव्या सायकलीत चिमटा उलटा बसवलेला मी दोनदा पाहिला आहे. पुढच्या चाकाचे ब्रेक चिमट्याच्या मागच्या अंगाला दिसले आणि चाक फ्रेमच्या फारच जवळ दिसले तर सायकल तशीच परत न्यावी. ती वळणावर दगा देते. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हालवल्यावर हँडलाखालच्या छर्‍यांच्या जागी खटखट लागली तर ती आधी आवळून घ्यावी.

बिनशॉकअपच्या सायकलीवरच्या मुलींनी मला विचारले, आमचे काय? त्यांना मी पटांगणात एक विटांची ओळ लावून दाखवले. सीटवर गच्च बसून गेले तर वीट थेट पाठीत लागते. विटेच्या अलीकडे पायडल समपातळीत आणून, सीटवरून बोटभर उठून, कोपरे आणि गुडघे सैल ठेवले तर सायकल खालून जाते आणि अंग वरच्या वर राहते. गुडघ्याएवढा चांगला शॉकअप कुठल्याही कारखान्यात निघत नाही. एका मुलीच्या पुढच्या टायरमध्ये अंगठा न रुते इतकी हवा होती. ती तिने थोडी सोडली आणि पुन्हा विटांवरून गेली. उतरून म्हणाली, "गुरुजी, आता डब्यातलं वरण सांडंना."

पडलेल्या पोराचा हात दीड महिन्यात बरा झाला. तोवर त्याच्या वडिलांनी आणि मी शॉकअप उघडून पुसून घेतला, बटण मागे आणले, बसका १३ मिलिमीटरवर ठेवला, पुढच्या टायरमध्ये ४० पौंड आणि मागच्यात ४५ ठेवले. दोरा त्याने नळीवर तसाच राहू दिला. यंदा तो दहावीत आला तेव्हा शाळेच्या काट्यावर त्याचे वजन ४२ किलो भरले, दप्तर वेगळे. बसका त्याने स्वतःच मोजला, १६ आला, आणि मला न विचारता बटण दोन मिलिमीटर अधिककडे फिरवून ठेवले.